सात डॉलरचा पाव

आम्ही स्वतंत्र व्यावसायिक. म्हणजे साहेबापासून स्वतंत्र, पगारापासून स्वतंत्र आणि बार्किसिमेतो शहरात राहतो म्हणून दुपारच्या विजेपासूनही स्वतंत्र. मी लिसांद्रो, मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढतो. कॅनडातल्या एक प्रकाशक बाई माझ्याकडून खेकडे काढून घेतात. दोन वर्षं झाली, नुसते खेकडे! पण त्यांचे पैसे माझ्या नावावर कधी आले नाहीत. बिल पाठवून पैसे उतरवून घ्यायची जी ऑनलाइन सेवा त्या वापरतात, ती निर्बंध असलेल्या आमच्या देशाचं नाव वाचलं की दारच लावून घेते.

मग आमच्या कामी आल्या ओमायराबाई. इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची बेकरी. नवरा मदेरा बेटावरून आलेला पोर्तुगीज. देवाघरी जाताना तो बायकोला एक भट्टी आणि एक पोर्तुगीज पासपोर्ट ठेवून गेला. भट्टीवर बाईंचं पोट चालायचं आणि पासपोर्टवर आम्हा सगळ्यांचं. नणंदेचा मदेरातल्या फुंशाल शहराचा पत्ता घालून बाईंनी त्या सेवेत खातं उघडलं आणि आम्ही त्यांच्या नावाने बिलं पाठवायला लागलो. योर्लेनी जर्मन वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं भाषांतरित करते. वोल्फगांग घोगऱ्या आवाजात मेक्सिकोच्या लोकांना 'श्वास घ्या, श्वास सोडा' असं सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. हे नाव कसलं, ते त्याच्या आईबापांना विचारा. तर परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या लेखी हे सगळं एकटी ओमायरा द फ्रेइतास करत होती.

बिल गेलं की त्याच दिवशी बाई गल्ल्यातून रोख मोजायच्या. गिऱ्हाईक कधी देईल तेव्हा देईल, तो घोर त्यांचा. कमिशन काही नाही. फक्त सुटे नाहीत. आमच्या शहरात सुटे डॉलर असतात कुणाकडे? सत्त्याऐंशी झाले की विसाच्या चार नोटा हातावर आणि उरलेल्या सातांचे पाव पिशवीत.

"अहो बाई, सात डॉलरचा पाव मी एकटा कधी संपवू?"

"दिवसभर खुर्चीत बसून खेकडेच तर काढतोस. निदान चावायचे तरी कष्ट घे."

कुणाचं कौतुक करायचं नाही, असं बहुतेक बाईंनी व्रतच घेतलं होतं. मी आळशी, योर्लेनी कासव आणि वोल्फगांग तर बोलता बोलता झोपणारा माणूस.

खात्यात जमणाऱ्या पैशांना बाई हात लावत नव्हत्या. मुलगी नेल्मार फुंशालला, तिचे दिवस भरत आलेले. "पहिलं बाळंतपण आहे. आई नको का जवळ?" असं त्या दर गिऱ्हाइकाला विचारायच्या. साधं मीठ घ्यायला आलेल्यालासुद्धा. विमानाचं तिकीट त्या खात्यातूनच निघायचं होतं.

आणि नेमकं तेव्हाच खातं गोठलं. जर्मन जाणणारी, खेकडे काढणारी आणि पुरुषी आवाजात श्वास सोडणारी बाई कुणाला तरी खटकली असणार. निरोप आला: व्हिडिओवर या, आपल्या कामाविषयी सांगा.

आम्ही बाईंना दोन दिवस पढवलं. काहीही विचारलं तरी 'हो, मीच केलं' म्हणायचं, एवढंच. पिठाच्या कोठीत लॅपटॉप मांडला आणि आम्ही तिघं पोत्यांमागे दडलो. सेवेच्या मुलीने पडद्यावर माझा खेकडा दाखवला. "हे चित्र आपण काढलंत?"

बाई पडद्याजवळ वाकल्या.

"मी? अगं पोरी, मला पावावर सरळ चीर पाडता येत नाही! हा आमच्या लिसांद्रोचा. डोळा बघ ना त्याचा. रुसलाय की नाही? असा खेकडा काढणारा दुसरा कुणी दाखव मला. आणि याला तू माझं नाव लावतेस?" मग योर्लेनीचं जर्मन किती गोड, वोल्फगांगच्या आवाजाने त्यांची रक्तदाबाची गोळी कशी सुटली, सगळं सविस्तर. तोंडावर दोन वर्षांत एक शब्द नाही आणि आता बघा!

'झालं, बुडवलं बाईने!' असं आधी मनात आलं. पण तो डोळा आजवर कुणालाच दिसला नव्हता. प्रकाशक बाई तर 'ठीक. पुढचा' एवढंच लिहितात. मी रडलो. पोत्यामागे रडलं की नाकात पीठ जातं, तेही त्या दिवशी कळलं.

खातं बंद. त्यात पडून असलेले सगळे पैसे ज्या त्या गिऱ्हाइकाला परत. आमची रोख आम्ही केव्हाच खाल्लेली, पावासकट. बुडाल्या त्या फक्त ओमायराबाई आणि त्यांच्याबरोबर तिकीट.

गिऱ्हाइकं बिचारी प्रामाणिक. 'पैसे परत आले, आता कुठे पाठवू?' आम्ही शेजारच्या देशात, बोगोटात राहणाऱ्या नातेवाइकांची नावं कळवली आणि त्याच कामाचे पैसे दुसऱ्यांदा आले. वोल्फगांगला एकाएकी गव्हाचा त्रास सुरू झाला. मक्याच्या पिठाचे, भाकरीसारखे अरेपेच बरे, म्हणाला. योर्लेनी मागच्या दाराने ये-जा करू लागली. बाईंनी कुणाकडेच पैसे मागितले नाहीत.

मी खाली गेलो. माझ्याकडे त्यांचे एकशे त्र्याहत्तर निघत होते. विसाच्या नऊ नोटा ठेवल्या आणि म्हटलं, "वरचे राहू द्या."

"राहू द्या? मी काय भिकारीण आहे?" त्यांनी सात डॉलरचे पाव मोजून पिशवीत कोंबले. "यातले चार वोल्फगांगच्या दाराला अडकव. म्हणावं, बाईंनी विचारलंय, गव्हाने फार त्रास होतो का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वोल्फगांग पाव चघळतच खाली आला, हातात नोटा घेऊन. त्याच्यामागून योर्लेनी, आज पुढच्या दाराने.

तिकीट निघालं, पण नातू आजीच्या आधीच पोचला होता. बाळंतपण हुकलं ते हुकलंच.

परवा फुंशालहून बाईंचा व्हिडिओ कॉल आला. लाल तोंडाचं एक गाठोडं पडद्यासमोर धरलेलं. "डोळा बघ याचा. रुसलाय, मी उशिरा आले म्हणून. काढ बरं!" म्हणाल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मी दोन दिवस बसून चित्र काढलं. सोबत बिल पाठवलं: सात डॉलर.

लगेच उत्तर आलं. "सुटे नाहीत. आल्यावर पाव देते."