सेकंडच्या ढिगातले मोर

सोलापुरात राहून पूर्ण भावाने चादर विकत घेणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर त्याच्या घरी लग्न असते. आम्ही बाकीचे सेकंडवर भागवतो. एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्याच्या मागे पत्र्याची एक लांबट खोली आहे. विणताना चूक झालेला, तेलाचा डाग पडलेला, काठ वाकडा गेलेला माल तिथे रविवारी सकाळी विकायला काढतात. बाहेर पाटी नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

मी तिथे बरीच वर्षे जाते. मी शिक्षिका आहे, पगार वेळेवर होतो, तरी जाते. ढीग उपसून त्यातून अशी एक चादर काढायची, की जिचा दोष घडीत नाहीतर उशीखाली लपून जाईल. यात जी मजा आहे ती सांगून समजायची नाही. नवऱ्याला ते खूळ वाटते. त्याला वाटू दे. पांघरताना तो तीच चादर ओढून घेतो.

त्या खोलीचा एकच कायदा आहे. ज्या चादरीवर हात पडला ती त्या माणसाची, हात उचलला की सगळ्यांची. हा कायदा कोणी लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याची मी गय करत नाही. बाहेरगावाहून गाड्या घेऊन येणारे लोक तो हमखास मोडतात. त्यांना आहेरासाठी एकदम वीस-वीस चादरी लागतात, आणि आपण धरलेल्या चादरीचे दुसरे टोक धरून ते खुशाल "ही किती छान आहे" असे एकमेकांना सांगत बसतात. अशा वेळी वर्गातला आवाज उपयोगी पडतो.

माझी खरी स्पर्धा मात्र एका भाभीशी. बुरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारून ती ढिगात शिरायची आणि मोठे गाठोडे बांधूनच बाहेर पडायची. मैंदर्गीकडच्या बाजारात नेऊन ती हा माल विकते. मला टीचर म्हणते. "टीचर, पगारवाल्यांनी सेकंडला यायचं म्हणजे आमच्या ताटातली भाकर उचलणं झालं की हो," असे ती दर रविवारी मला ऐकवायची, आणि "तुमच्या गाठोड्यात अजून दोन गावं मावतील" असे मी तिला. भांडण म्हणावे तर भांडण, ओळख म्हणावी तर ओळख.

माझे आप्पा याच कारखान्यात विणकर होते. मैंदर्गीच्या बाजूचे खेडे सोडून ते तरुणपणी इथे आले आणि मागाला चिकटले ते चिकटलेच. शेवटची काही वर्षे त्यांच्याकडे दोन माग होते आणि दोन्हींवर एकच मोराचा नमुना चढवलेला होता, एकावर निळा मोर, दुसऱ्यावर तांबडा. कारखान्यात मोर दुसरे कोणी विणत नसे. आप्पांनी त्या पत्र्याच्या खोलीत कधी पाऊल टाकले नाही. "दुसऱ्याची चूक बघाय कशाला जायाचं?" म्हणायचे. आणि खरेच, इतक्या वर्षांत मला त्या ढिगात एकही मोर सापडला नव्हता. मला त्याचा अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर थोडा रागही होता. बापाने विणलेली चादर हवी तर लेकीने पूर्ण भाव मोजायचा, हा कुठला न्याय?

म्हणून पहिला निळा मोर ढिगात दिसला तेव्हा मी अक्षरशः झडप घातली. चादरीत काठापासून वीतभर आत एक उभी विरळ रेघ होती. असे होण्याचे कारण मला लहानपणापासून माहीत आहे. मागावरचा उभा धागा तुटला, की विणकराने माग थांबवून लगेच गाठ मारायची असते. त्याला ते दिसले नाही तर माग चालतच राहतो आणि रेघ लांबत जाते. माणूस आहे, एखादा धागा सुटणारच, असे म्हणून मी चादर घरी आणली. आप्पांना सांगितले नाही.

पुढच्या रविवारी तांबडा मोर निघाला. त्यानंतर पुन्हा निळा, मग दोन तांबडे. आता माझी मजा गेली. एके दिवशी मी त्या सगळ्या चादरी पलंगावर एकावर एक पसरल्या, मोरांची तोंडे एका दिशेला करून. प्रत्येक रेघ डावीकडे होती. एकही उजवीकडे नव्हती.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. आप्पांच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप लवंडायचा आणि आई त्यांना धांदरट म्हणायची. डावीकडून येणाऱ्या दुचाकीला ते शिव्या द्यायचे, कुठून उगवला म्हणून. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. आम्ही सगळे हसायचो. तेही हसायचे.

मी डोळे दाखवायचा विषय काढला तेव्हा त्यांनी तो झटकून टाकला. "नंबर वाढला आसंल, त्यात काय?" मी जोर धरला तसे चिडले. "डोळ्याचं नाव कारखान्यात निघालं की माग गेला हातातनं. चादरींच्या घड्या घालाय बसवत्यात, न्हाईतर घरी. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू गप ऱ्हा." आई विड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही. तिला ठाऊक होते की काय, हे मी आजवर विचारलेले नाही.

मी गप्प राहिले आणि एक वेडेपणा सुरू केला. रविवारी सगळ्यांच्या आधी जायचे आणि ढिगातले सगळे मोर उचलायचे. त्याने काय साधणार होते? काही नाही. पण त्या रेघेवर लोकांनी बोट ठेवावे, नाक मुरडावे आणि भाव पाडून मागावा, हे मला सोसवत नव्हते.

एका रविवारी मला उशीर झाला. पोहोचले तर ढिगावर मोरच मोर, आणि भोवती गाडीतून आलेले एक कुटुंब. त्यातल्या एका बाईने तांबडा मोर उजेडाकडे धरला, रेघेतून पलीकडे पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "अहो, आंधळ्याने विणलीय का काय ही?" सगळे हसले. विकणारा कामगारही हसला. गिऱ्हाईक हसले की त्याला हसावेच लागते.

मी तिच्या हातातून चादर ओढून घेतली. खोलीचा कायदा मी स्वतः मोडला. "ठेवा ती. तुमच्यासाठी नाही ती," असे काहीतरी ओरडले. "अशी काय बाई ही," ती नवऱ्याला म्हणाली. दिसेल तो मोर मी छातीशी गोळा करू लागले, आणि ते लोक वेड्या बाईकडे बघावे तसे बघत बाजूला झाले.

भाभी कोपऱ्यात गाठोडे बांधत होती. तिने गाठ सोडली, आतले मोर एकेक करून काढले आणि माझ्या ढिगावर ठेवले.

"तुमचं कोण हाय?" तिने हळूच विचारले.

"वडील."

तिने आपले गाठोडे पुन्हा बांधले. मग म्हणाली, "या घ्याल टीचर. पुढच्या रविवारी आणखी येतील. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहतंय व्हय?"

मला तिचा राग आला. रिक्षात बसेपर्यंत राग होता, पुढे तो उतरला. मी घरी न जाता ते गाठोडे तसेच घेऊन कुंभारीला गेले. तिथे विडी कामगारांच्या वसाहतीत आईच्या नावाचे घर आहे. आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. मी चादरी त्यांच्यापुढे उन्हात पसरल्या.

आपले मोर त्यांनी लगेच ओळखले. चेहरा खुलला. "कुटनं आणल्यास एवढ्या?"

"सेकंडमधून."

"सेकंडमधी माझा माल?" ते उठून उभे राहिले. "काय दोष हाय ह्यात? दाव की. मला तर दिसंना."

मी त्यांचा हात धरून चादरीवर ठेवला आणि रेघेवरून फिरवला. बोटे थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा थांबली. त्यांनी मान वळवून, उजवा डोळा जवळ नेऊन पाहिले.

"मागाचा दोष आसंल," ते म्हणाले.

"निळा एका मागावरचा आणि तांबडा दुसऱ्यावरचा. दोन्ही मागांचा दोष एकाच बाजूला कसा असेल, आप्पा?"

ते वाकून प्रत्येक चादरीवरून हात फिरवत गेले. आई दारात येऊन उभी राहिली. शेवटच्या चादरीपाशी ते खाली बसले.

"हाताला लागतंय," ते म्हणाले. "डोळ्याला न्हाय."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "लई लोकांनी बघितल्या का गं ह्या?"

"नाही," मी म्हणाले. "सगळ्या मीच घेतल्या."

दुसऱ्या दिवशी ते कामाला गेले नाहीत. मी शाळेला रजा टाकली आणि त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, दाब मोजला, काचबिंदू असल्याचे सांगितले आणि नजर कुठवर उरली आहे हे बघायला एका यंत्रापुढे बसवले. अंधारी खोली, हनुवटी टेकायला पट्टी, समोर पांढरी वाटोळी पोकळी, आणि हातात एक बटण. आत ठिपक्याएवढा उजेड चमकला, की बटण दाबायचे. यंत्रावर एक तरुण मुलगी होती. तिने दोनदा समजावून सांगितले. आप्पा ताठ बसले, मागापुढे उभे राहायचे तसे, सगळे लक्ष समोर लावून.

आधी उजवा डोळा झाला. बटणाचा आवाज येत होता, कधी लागोपाठ, कधी थांबून. प्रत्येक आवाजाला माझा जीव भांड्यात पडत होता. तो डोळा वाचवता येईल असे डॉक्टर नंतर म्हणाले, आणि तो वाचलाही आहे. सकाळ-संध्याकाळ आई त्यात औषध घालते. माग मात्र सुटला. कारखान्यात जाऊन आप्पांनी ते स्वतःच सांगितले, मला सोबत येऊ दिले नाही.

मग त्या मुलीने उजव्या डोळ्यावर पट्टी लावली आणि डाव्याची तपासणी सुरू केली. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. यंत्राची बारीक घरघर ऐकू येत होती. बटणावर आप्पांचा अंगठा तयार होता. तो हलला नाही. मी वाट बघत राहिले. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली घेतली. अंगठा तसाच होता, दाबण्याच्या बेतात.

बऱ्याच वेळाने घरघर थांबली. मुलगी म्हणाली, "झालं, आजोबा."

आप्पांनी हनुवटी उचलली नाही. त्यांना वाटले, ती आपल्याला घाई करते आहे.

"झालं कसं?" ते समजुतीने म्हणाले. "आजून चालूच कुटं केलंय तुमी? करा की. मी बसलोय."

मी पुढे झाले आणि त्यांच्या हातातले बटण काढून घेतले.