खडकवासल्याचं पाणी

माझा डावा पाय अधू. म्हणून आम्ही जुनी का होईना, क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. आमच्या ह्यांच्या किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीनदा सदाशिव पेठेतून येरवड्यापलीकडे डायलिसिसला न्यायचं. एकदा खेप चुकली तर फुप्फुसात पाणी भरलं. पुन्हा चुकवू नका, डॉक्टरांनी बजावलं होतं.

दिवसाला प्यायला पाणी मोजून चार फुलपात्री; जास्त झालं की अंगात साठायचं. स्वतःला मिळेना म्हणून की काय, गाडीच्या रेडिएटरला मात्र हे दर रविवारी तांब्याने पाजायचे.

कसब्यातला मेकॅनिक एकदा म्हणाला, "काका, साधं पाणी नका घालू, कूलंट घाला. गिअरबॉक्सचं लाल तेल तापतं. ते गार व्हायला रेडिएटरच्या पोटातल्या नळीतून फिरतं. नळी गंजली की तेल पाण्यात, पाणी गिअरबॉक्समध्ये. मग गाडी जागची हलायची नाही."

"खडकवासल्याचं पाणी आहे," हे म्हणाले. "आमच्या तीन पिढ्या त्यावर वाढल्या. तुमच्या नळीला काय सोनं लागलंय?"

मी हसले. हे गेल्यापासून तेच हसणं मला खुपतं. डायलिसिसच्या यंत्रात रक्त एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला, मधे पातळ पडदा, हे मी दर खेपेला बघत होते. तो फाटला तर काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी रेडिएटरचं झाकण उघडलं. आत सोलकढीसारखा गुलाबी फेस. ह्यांना हाक मारून दाखवला.

"आज जाऊन येऊ, उद्या दाखवू," हे म्हणाले. मी, शहाणी, झाकण लावून टाकलं.

बंडगार्डनपाशी झटके बसायला लागले. पुलावर मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन नुसतं ओरडलं, चाकं हलेनात. ह्यांचे पाय सुजलेले, चेहरा राखेसारखा. "बसून राहा, रिक्षा बघते," म्हटलं आणि लंगडत पुलाच्या टोकाला गेले. तिघांनी "तिकडं नाही जात" म्हणून तोंड फिरवलं. चौथा आला तोवर अर्धा तास उलटला होता.

गाडीत हे शांत बसले होते. रेडिएटरसाठी ठेवलेली पाण्याची मोठी बाटली मांडीवर, रिकामी.

"जीव कासावीस झाला गं," हे म्हणाले. "गोड आहे हो आपलं पाणी."

मला संताप आला. दंडाला धरून ह्यांना गाडीतून उतरवलं. रिक्षात ह्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. थोड्या वेळानं खोकला सुरू झाला, मग छातीत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज. दवाखाना अजून लांब होता.

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि जवळची बाटली मागे धरली. "मावशी, घोटभर पाणी पाजा त्यांना."

जन्मात कुणावर ओरडले नाही, तशी मी त्याच्यावर ओरडले. त्या बिचाऱ्याची काय चूक होती?