न वाचता दिलेला अभिप्राय

सोनईच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो, तेव्हा कचेरीतले एक कारकून रोज संध्याकाळी यायचे. खुर्ची रुमालानं झटकून बसायचे आणि नवं पुस्तक सगळ्यांच्या आधी मागायचे. परत करताना अभिप्रायाच्या वहीत हिरव्या शाईनं निकाल लिहायचे. तो वाचून बाकीचे पुस्तकाला हात लावत नसत.

पंच्याण्णव साली जादूगार पुस्तकविक्रेत्यांवरच्या एका विनोदी कादंबरीचा दुसरा भाग आला. या कारकुनांनी लिहिलं, ‘पहिल्या भागाची सर नाही. विनोद ओढूनताणून. शेवट तर फारच पोरकट.’ पुस्तक सहा महिने कपाटात पडून राहिलं.

मग आठवीतल्या एका मुलीनं ते नेलं आणि पाच मिनिटांत परत आली. “सर, पानं जोडलेलीच हायेत. फाडू का?”

बाराव्या पानापुढची पानं छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेलीच होती, एकही सुटं केलेलं नव्हतं. संध्याकाळी मी पुस्तक त्यांच्यापुढं धरलं. “शेवट कसा वाचलात?”

“वाचायचाय कशाला?” ते शांतपणे म्हणाले. “अंदाज येतो माणसाला.”

वाटलं, आता तरी हा माणूस वहीपासून लांब राहील. चार दिवसांनी त्या मुलीनं त्यांच्या निकालाखाली लिहिलं, ‘मला लई हसू आलं. शेवटाला रडू पन आलं.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, ओशाळले. त्यांनी खिशातून पेन काढलं, ‘लई’ खोडून ‘खूप’ केलं, ‘पन’चं ‘पण’ केलं आणि खाली सही ठोकली.