चव गेल्यानंतरचा शकशुका

माझे यजमान गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर एका शॅकमध्ये, म्हणजे झोपडीवजा हॉटेलात, सोळा सीझन स्वयंपाकी होते. तिथे उतरलेल्या एका म्हाताऱ्या इस्रायली बाईने त्यांना शकशुका शिकवला होता. टोमॅटोच्या दाट रश्श्यात अंडी फोडायची आणि झाकण ठेवून शिजवायची. पावसाळ्यात शॅक बंद झाली की सर्वण गावी घरी येऊन ते आमच्यासाठी तो करत, आणि तेव्हा मला गॅसजवळ फिरकू देत नसत.

मग त्यांना ताप आला. ताप उतरला, पण वास आणि चव दोन्ही गेली. साखळी गावच्या डॉक्टरांनी सांगितलं, "काहींची परत येते, काहींची नाही. वाट बघा."

तसेच ते कामावर गेले. लसूण करपला तरी त्यांना कळेना. पाहुणे ताटं अर्धी टाकून उठू लागले. मालक भला माणूस. त्याने बाजूला घेऊन सांगितलं, "बरं वाटेपर्यंत घरी रहा." तो सीझन गेला, पुढचाही गेला.

एका रविवारी मीच म्हटलं, "अहो, आज शकशुका मी करते. तुम्ही नुसतं सांगा."

ते स्टुलावर बसले. कांदा, ढोबळी मिरची, लसूण, जिरं, मग टोमॅटो. रस आटला तशी त्यांनी मान पुढे केली.

"वास कसो येता गो?"

"आंबटसर. थोडा गोडसर."

"म्हणजे कसो?"

रोज स्वयंपाक करणारी बाई मी, पण टोमॅटोचा वास कसा असतो ते मला शब्दांत धरता येईना. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मी चमच्याने रश्श्यात खळगे करून अंडी फोडली.

पोयीचा, आमच्याकडच्या कोंड्याच्या पावाचा, तुकडा बुडवून त्यांनी खाल्ला.

"अंडं बरोबर शिजलंय. आत मऊ आहे."

"आणि चव?"

"गरम लागता."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम दुप्पट तिखट घातलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आली! मी हातातली पोयी खाली ठेवली.

"आग कळता," ते म्हणाले. "तिखट नाय."

तिसऱ्या रविवारी टोमॅटो चिरायला घेतले तर त्यांनी माझ्या हातातून सुरी काढून घेतली. "पुरे आता," एवढंच म्हणाले.

हल्ली ते डिचोलीला एका कारखान्याच्या गेटवर राखणीला असतात. स्वयंपाकाचं बोलणं निघालं की उठून जातात. परवा मी आमटीत मीठ घालायला विसरले. त्यांनी दोन वाट्या भातावर ओढून संपवल्या, ताट धुतलं आणि कामावर गेले. मी नंतर जेवायला बसले तेव्हा मला कळलं. पहिला घास तोंडात तसाच राहिला. संध्याकाळी ते आले तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही.