सतीशच्या तोंडाचा वास

"मशीनला कळंना आन् तुला कळतंय व्हय?" सतीश म्हणाला.

"मशीन तुमच्या शेजारी झोपत न्हाई," करुणा म्हणाली. "मी झोपते."

दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून हेच चाललं होतं. सतीश यार्डात पॉइंट्समन. निमोण्याहून आला तेव्हा मिसरूड फुटत होतं; डबे जोडता-तोडता केस पिकले. मधली बरीच वर्षं बाटलीत गेली. मग एका बुद्धपौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना नशा न करण्याच्या पाचव्या शीलावर त्याचा आवाज अडकला, आणि त्या दिवसापासून तो दारूला शिवला नाही. वस्तीतल्या बाया नवऱ्यांना त्याचं नाव घेऊन टोमणे मारायच्या.

आणि आता हा वास. गोडसर, कुबट, नासक्या फळासारखा. करुणानं गादी उलथली, माळा धुंडाळला, पाण्याच्या टाकीत हात घातला. बाटली मिळाली नाही तशी तिची धास्ती वाढली. इतक्या सफाईनं लपवतो, म्हणजे पार गेला हातातून. काल तर तिनं त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. ड्यूटीवर फुंकर मारायच्या मशीनमध्ये शून्य येतं, हे त्याचं पालुपद तिनं कानाआड केलं.

नर्सिंगला असलेली लेक तेजश्री सुट्टीला आली होती. भांडणात न पडता तिनं पप्पांची पापणी ओढून पाहिली. डोळे पिवळे. मग हात पुढं करायला लावून पंजे ताठ धरायला सांगितले. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडले.

"आई, ही दारू नाही. याला फीटर म्हणतात."

"कुठल्या कंपनीची?" सतीशनं विचारलं. कुणी हसलं नाही.

लॅटिन शब्द आहे, तेजश्री सांगू लागली, अर्थ घाण वास. इटलीत फेतोरे, पोर्तुगालात फेदोर, स्पेनमध्ये एदोर. सगळे त्यातूनच निघालेले.

"एवढ्या मुलखांनी नाव ठिवलंय," करुणा म्हणाली, "पण ह्यो वास कशाचा?"

"लिव्हरचा." दारू सुटली, पण तिनं आत करून ठेवलेलं नुकसान राहिलं. आजच्या आज पुण्याला न्यावं लागेल.

करुणाची नजर बाहेरच्या अंथरुणाकडं गेली.

"म्हंजी मी शील मोडलं न्हाई," सतीश तिला म्हणाला. चेहरा जवळजवळ खुलला होता. मग तो लेकीकडं वळला. "आन् हे दुखणं बरं व्हतं ना, पोरी?"

तेजश्रीनं खुंटीवरची ओढणी घेतली आणि रिक्षा बघायला बाहेर पडली.