नाना आणि दुसरा वाहक

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, प्रयोगशाळेत होते. आत मोबाइल नेता येत नाही. हातमोजे काढून बाहेर आले, तर भावाचे एकामागून एक कॉल येऊन गेलेले... तेवढा वेळ मी लसीचंच काम करत होते.

नाना म्हणजे माझे वडील, सिन्नर डेपोतले एसटी कंडक्टर. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि ते त्यांच्यामुळेच झालं. बारावीनंतर नातेवाईक स्थळं सुचवू लागले की ते म्हणायचे, "मनीचं तिकीट शेवटच्या स्टॉपचं हे. मधी उतरवायचं नाय."

नोकरी लागल्यावर त्यांनी विचारलं, तू नेमकं करते काय? मी सांगितलं, एक विषाणू घ्यायचा, त्याला शरीरात वाढताच येणार नाही असा बदल करायचा, आणि दुसऱ्या रोगजंतूची ओळख पटवणारा छोटासा संदेश त्याच्याकडे द्यायचा. तो संदेश पेशींपर्यंत पोचला की शरीर त्या रोगाशी लढायला शिकतं. अशा विषाणूला आम्ही वाहक म्हणतो.

"मंग मी बी वाहकच," नाना खूश झाले. "गाडीत माझ्या सीटपाशी तेच लिहिलंय."

दुसऱ्या दिवसापासून ते स्टँडवर सांगत सुटले, पोरगी वाहक तयार करती. लोकांना वाटलं, मी एसटीच्या ट्रेनिंग सेंटरात शिकवायला लागले. एकदोघांनी मुलाच्या भरतीसाठी शब्द टाकायलाही सांगितलं.

मग नानांच्या घशात कॅन्सर निघाला, तोही ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. नाशिकच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचे ओझरचे काका चिडवायचे, "कंडक्टरसाहेब, पोरगी लसवाली, अन् तुम्ही आमच्यासारखेच पडून?" नाना हसायचे. पण एका दुपारी काका तपासणीला गेलेले असताना हळूच म्हणाले, "मने, तुझ्या त्या वाहकासंगं माझ्यासाठी काही धाडता नाय येणार?"

मी सांगितलं, आमचं काम डेंग्यूवरचं, आणि तेही अजून उंदरांपर्यंतच आलंय. कॅन्सरसाठी असे प्रयोग जगात चालू आहेत, पण तुमच्यापर्यंत पोचेल असं माझ्या हातात काही नाही... यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि त्यांच्या उपयोगाचं एकही नव्हतं.

ते खिडकीकडे बघत राहिले. "म्हणजे गाडी अजून डेपोतच."

"हो, नाना."

"निघंल. माझ्या टायमाला नाय, एवढंच."

स्टँडवर ताटकळलेल्या माणसांची ज्या सुरात ते समजूत काढायचे, त्याच सुरात त्यांनी माझी काढली.

आता मी पुन्हा कामावर जाते. पूर्वी मी सिन्नरहून पुण्याला निघताना नाना दारापर्यंत यायचे आणि चौकटीवर दोनदा टकटक करायचे. एसटीत दोन घंट्या झाल्या की ड्रायव्हर गाडी काढतो, तसं. शेवटी दवाखान्यात आवाज गेल्यावर खाटेच्या दांडीवर करायचे. परवा मी बॅग घेऊन सिन्नरच्या घराच्या दारात आले आणि उभीच राहिले.

"काही राहिलं का गं?" आईने आतून विचारलं.

"नाही," मी म्हणाले. पण पाऊल उचलेना.