पोट कुठल्या बाजूला

मी धानाच्या मुलखातला, पार गडचिरोलीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. मराठवाड्यातल्या भूमच्या या दुकानात मला ठेवून घेणाऱ्या मालकांचे उपकार मोठे आहेत. त्यांनी दुकानामागची खोली दिली, डबा त्यांच्याच घरून येतो, आणि काम दिलं ते खुर्चीवर बसून करायचं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांतली यंत्रं आम्ही लावतो आणि बिघडली की दुरुस्त करतो.

यंत्र त्यांनी मला असं समजावलं होतं : "मधला गाभा म्हंजे गावचा कोतवाल. इकडचा निरोप तिकडं न्यायचा, बास. तो नांगर धरत न्हाय, का धार काढत न्हाय. वजनकाट्याचा ड्रायव्हर, म्हंजे त्येला चालवणारा प्रोग्राम, येगळा, छपाईचा येगळा, बटणांचा येगळा. एक पडला तर बाकीचे चालूच ऱ्हातेत. पडला त्येलाच उठवायचं."

हे मला लगेच कळलं. अडलं ते इंग्रजीपाशी. कीबोर्डवर मोठी अक्षरं छापलेली असतात, ती मला येतात. स्क्रीनवर मात्र लहान उमटतात, आणि लहान बी आणि लहान डी मला आजही सारखेच दिसतात. एक काठी, एक पोट. मालकांनी एकट्यात शिकवलं होतं, पोट उजवीकडं तो बी, डावीकडं तो डी. पण घाबरलो की मला उजवं-डावंच आठवत नाही. ही गोष्ट आम्हा दोघांतच होती. गावांत मला 'इंजिनिअर साहेब' म्हणायचे आणि मी गप्प राहायचो.

खंडेनवमीला एका केंद्रात यंत्राची पूजा झाली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि त्याचं पाणी कुणीतरी भक्तिभावानं बटणांवर शिंपडलं. बटणं गेली. दुसऱ्या संध्याकाळी मी नवी बटणपट्टी घेऊन गेलो, तेव्हा दूध यायला लागलं होतं. काटा चालू होता, सेक्रेटरी वजन हातानं लिहून घेत होते. मी पट्टी जोडली, स्वतःचा कीबोर्ड लावला. नवी वस्तू कुठल्या खोबणीत बसलीय, ते यंत्र एका अक्षरानं सांगतं. बटणांचा ड्रायव्हर त्याच अक्षरावर बसवायचा.

मी अक्षराकडं पाहिलं आणि अंदाजानं डी दाबला. डीच्या खोबणीत काटा होता; बटणांचा ड्रायव्हर त्याच्याच जागी जाऊन बसला.

काट्यावर तेव्हा एका मावशींची किटली होती. आकडा विझला.

"आगं बया! माझं दूध कुठं गेलं?"

"किटलीतच हाय मावशी, कुणी पिलं न्हाय," सेक्रेटरी म्हणाले. रांग हसली. मग माझ्याकडं वळून, "साहेब, काय झालं वो?"

"होते जी, आत्ता होते," म्हणत मी मालकांना फोन लावला आणि खांद्यात धरून हळू आवाजात सांगितलं. दोन्ही हात कीबोर्डवर होते. रांगेतल्या एका गड्याला माझी कीव आली. "मान अवघडंल साहेब, द्या इकडं." त्यानं फोन घेतला, स्पीकर लावला आणि माझ्यासमोर धरला.

"...घाबरू नगं," मालकांचा आवाज खोलीभर झाला. "आदी काटा उठव. मंग सांग, नव्या पट्टीचं अक्षर कंचं? पोट कुठल्या बाजूला हाय?"

कान तापले माझे. स्क्रीनवरचं अक्षर हलायला लागलं.

"आरं, शिकवलंय न्हवं तुला? जेवायचा हात कंचा? त्या बाजूला पोट हाय का?"

मला माझा जेवायचा हातही आठवेना. तेव्हा मावशी पुढं आल्या, डोळे बारीक करून स्क्रीनकडं पाहिलं आणि स्वतःचा उजवा हात वर केला. "हाय की! ह्याच हाताला हाय. चांगलं नऊ म्हयन्याचं हाय!"

हशा पिकला. मी काटा उठवला, मग बी दाबला. किटलीचा आकडा परत आला. मावशींनी नव्या बटणांवर आपला नंबर दाबला, पावती निघाली.

चहा देताना सेक्रेटरींनी विचारलं, "शिक्षण किती वो तुमचं?"

"सातवी जी."

"बरं बरं," म्हणाले आणि बशीत आणखी चहा ओतला. साहेब म्हणाले नाहीत.

दुकानात परतलो तर मालक वाटच बघत होते. "आरं, स्पीकर न्हवता ना चालू? मला मागनं ध्यानात आलं. कुणी ऐकलं तर न्हाय?"

त्यांचा चेहरा पडलेला होता. "नव्हता जी," मी म्हणालो. "कुणीच ऐकलं नाही."

काही दिवसांनी त्याच केंद्रातून दुकानाचा फोन वाजला. मालकांनी उचलला. पलीकडचा आवाज मला स्टुलावर बसल्या जागी ऐकू येत होता : "छपाई अडकलीय. ते पोटवालं पोरगं धाडा की."

मालकांनी फोन ठेवला. माझ्याकडं न बघता पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, कीबोर्ड भरला आणि ती माझ्यापुढं ठेवली.

"जा," म्हणाले. "तुलाच बोलावलंय."